गोधडीचा मधला थर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या आत्याचे. लालबागच्या एका गिरणीत, वाइंडिंग खात्यात, ती बदली कामगार होती. लोक जेव्हा विचारतात, "तुम्ही कोणाचे विद्यार्थी?" तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या सरांकडे बोट दाखवतो, कारण तशी पद्धत आहे. सर खरोखर मोठे होते. पण मी ज्या कामावर डॉक्टर झालो, ते काम आत्याच्या दहा बाय बाराच्या खोलीबाहेर, गॅलरीत झालं, आणि हे लिहिताना तरी पद्धत बाजूला ठेवायला हरकत नाही.

बदली कामगार म्हणजे कोण, हे आता सांगावं लागतं. कायम कामगार गैरहजर राहिला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळणारा माणूस. पहिल्या पाळीच्या आधी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. आतून जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, बोट दाखवलं तर आत जायचं, नाही दाखवलं तर भाजी घेऊन घरी. आत्याने हे अकरा वर्षं केलं. आत गेली की बॉबिनवरचं सूत शंकूसारख्या कोनावर भरायचं, धागा तुटला की दोन टोकांची गाठ मारायची, आणि ती गाठ पुढे कापडात कोणाला दिसू द्यायची नाही. तिची मागणी एकच होती: कायम करा. मग संप झाला.

मी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हतो. त्या संपाचं पुढे काय झालं, याबद्दल जाणती माणसं बरंच लिहितात. आत्याचं म्हणणं थोडक्यात होतं. "संप पुकारलो तेव्हा मैदानात सगळ्यांनी ऐकल्यानी. मागे घेतलो, असा कोणी सांगल्यान? नाय. मगे मी संपार आसंय." जवळजवळ वीस वर्षांनी मी तिच्याकडे राहायला आलो, तेव्हाही ती संपावर होती. गोधड्या शिवून पोट भरत होती, पण तो तिच्या मते व्यवसाय नव्हता, संपाच्या काळातली तात्पुरती सोय होती. खानेसुमारीला आलेल्या मास्तरांना तिने व्यवसाय सांगितला, "संपावर." मास्तर म्हणाले, "आजी, असा रकाना नाही." ती म्हणाली, "मगे रकानो करा." मास्तरांनी मान डोलावली आणि जिन्यात जाऊन पेन्सिलीने 'गृहिणी' लिहिलं. मी ते पाहिलं, पण तिला सांगितलं नाही.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हता. वडील तालुक्याच्या डेपोत गाड्या धुवायचे. दहावी पास झालेल्याला देवळात न्यायचं, एवढा रिवाज आम्हांला ठाऊक होता. मी बी.एस्सी. झालो तेव्हा काय करायचं ते कोणालाच कळेना. वडिलांनी मला डेपो मॅनेजरांना दाखवून आणलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "छान. आता मुंबईला पाठवा."

मुंबईसाठी वडिलांनी मला टेरिकॉटचा शर्ट शिवला होता. तो घालून मी आत्याच्या दारात उभा राहिलो. तिने दोन बोटांत बाही धरली, चुरगळली, सोडली. बाही सरळ झाली.

"पॉलिएस्टर?"

"अर्धं अर्धं आहे."

"ह्याच पॉलिएस्टरान आमची गिरण खाल्ल्यान. भायर."

मला वाटलं मलाच बाहेर काढलं. पण बाहेर शर्ट राहिला. पुढची पाच वर्षं तो गॅलरीतल्या दोरीवर राहत होता. विद्यापीठात जाताना मी गॅलरीत कपडे बदलायचो आणि समोरच्या चाळीतले लोक माझ्या शिक्षणाची प्रगती पाहायचे.

एम.एस्सी.नंतर मी ज्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागलो, तिथे उद्याचा पदार्थ बनत होता. सर पाहुण्यांना सांगायचे, "कल्पना करा, वर्तमानपत्रासारखा गुंडाळून खिशात घालता येईल असा पडदा. काचेसारखा आरपार, कापडासारखा मऊ, आणि तरी त्यातून वीज खेळते." पाहुणे कल्पना करायचे आणि चहा घ्यायचे. अडचण एवढीच होती की आरपार, लवचिक आणि वीजवाहक हे तीन गुण एका वस्तूत यायला तयार नसतात. तांब्यातून वीज जाते, पण आरपार दिसत नाही. काचेतून दिसतं, पण ती वाकत नाही. प्लास्टिक वाकतं आणि दिसतंही, पण वीज नेत नाही. आमच्या तालुक्यात वीज, पाणी आणि गणिताचे मास्तर हे तिन्ही एकाच दिवशी कधी आले नाहीत, त्यामुळे मला याचं फार नवल वाटलं नाही.

तोड म्हणून आम्ही पातळ प्लास्टिकवर इंडियम आणि कथिल या धातूंच्या ऑक्साइडचा थर चढवायचो. हा थर केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. त्यातून दिसतं आणि वीजही जाते. पण त्याचा स्वभाव काचेचा. तुकडा वाकवला की थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, वीज अडते, आणि तुकड्याला जोडलेला चिमुकला दिवा विझतो. किती वेळा वाकवल्यावर विझतो, हे मोजणं म्हणजे माझं संशोधन.

वाकवण्यासाठी यंत्र हवं होतं. त्याची फाइल खरेदी समितीकडे गेली होती. समितीने विचारलं, वाकवायला यंत्र कशाला? सरांनी चार पानी उत्तर दिलं. समितीने पुन्हा विचारलं, तोवर हाताने का वाकवू नये? म्हणून माझी निवड झाली. प्रगती अहवालात 'वाकवणी यंत्रणा' या शीर्षकाखाली 'उपलब्ध' असं लिहिलं गेलं. ती यंत्रणा मी होतो. मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. आमच्या घराण्यातलं कोणी याआधी अहवालात आलं नव्हतं.

साडेपाचला प्रयोगशाळा बंद होई. मग मी तुकडे, घड्याळाचा सेल आणि दिवा घेऊन घरी येई. पहिल्या दिवशी आत्याने विचारलं, "ह्या काय?" खोटं बोलायची सवय नसल्यामुळे मी सांगितलं की मूळ पदार्थ पॉलिएस्टरच आहे, फक्त धागा न काढता पत्रा काढलाय.

"भायर," ती म्हणाली.

म्हणून उद्याचा पदार्थ माझ्या शर्टाखाली, गॅलरीत वाकू लागला. शेजारचे काका नळावर जाताना थांबायचे. "काय रे, पीएचडी म्हणजे वारा घालायचा असतो का?" काकू म्हणायच्या, "असू दे हो. सरकार पगार देतंय ना त्याला वारा घालायचा." मी दोघांनाही आरपार वीजवाहकांचं महत्त्व समजावून सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे टीव्ही बंद असताना पाठीमागची भिंत दिसणार? मग भिंतीलाच रंग लाव की."

आत्या दारात गोधडीवर नजर ठेवून शिवत बसायची. पण माझं वाकवणं तिला बघवेना. मी तुकडा बॉलपेनभोवती गुंडाळत होतो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "असा वाकवतत? एकदा हलको, एकदा घट्ट. सूत असता तर कधीच तुटला असता." आत जाऊन तिने एक लाकडी बॉबिन आणली. संपाच्या आदल्या दिवशी पाळी सुटताना ती चुकून कमरेला खोचलेली राहिली होती. तिच्यावर आता गोधडीचा दोरा असायचा. दोरा उलगडून तिने बॉबिन माझ्या हातात दिली. "गिरणीची आसा. संप मिटलो की परत द्यायची. सांभाळून वापर."

मग तिने मला ताण धरायला शिकवलं. अंगठा खाली, मधलं बोट वर, आणि हात नाही, मनगट फिरवायचं. दर वेळी सारखंच. आमच्या पुढच्या लेखात याचं वर्णन 'एकसमान व्यासाच्या लाकडी दंडाभोवती नियंत्रित ताणाखाली' असं आलं आहे. वाचून मला नेहमी तिचं मनगट आठवतं.

ताण सारखा झाल्यावर आकडे तरी सारखे येऊ लागले. दोनशेच्या आसपास दिवा मंद व्हायचा, तीनशेच्या आत विझायचा. सर म्हणाले, थर पातळ करा. पातळ केला. दिवा आधीच मंद लागला. सर म्हणाले, जाड करा. जाड केला. शंभरात विझला. सरांनी प्रकल्पाचं नाव बदलून पाहिलं. तरी विझला.

आत्याही मोजायची. एका संध्याकाळी, दोनशे ऐंशीला दिवा गेल्यावर, तिने सुई खाली ठेवली.

"ह्यो थर तू वर कित्याक घालतंस?"

"वरच असतो गं आत्या. सगळे वरच लावतात."

"सगळे खयचे?"

"जपानचे, अमेरिकेचे."

"थय कोण गोधडी शिवता?"

तिने मांडीवरची गोधडी माझ्यापुढे दुमडली. "बघ. वरचो कपडो ताणता. खालचो चुरगळता. मधल्याक काय होता?"

"काय होतं?"

"काय नाय. म्हणान मी जुन्यातली जुनी साडी मधी घालतंय. वरचो कपडो फाटान जाता, पण मधलो तसोच आसता. तुझो थर नाजूक मा? मगे तेका मधी घाल. आणि दोनय बाजूंक सारख्या जाडीचा घाल, नायतर मधला मधी रवाचा नाय."

दुसऱ्या दिवशी मी थरावर खालच्या प्लास्टिकएवढ्याच जाडीचा दुसरा तुकडा चिकटवला. वीज जोडायला गोधडीच्या काठासारख्या दोन बाजू मोकळ्या ठेवल्या. संध्याकाळी गॅलरीत बसलो. तीनशे झाले. पाचशे झाले. हजाराला काका नळावरून परत आले आणि म्हणाले, "अजून?" आत्याने त्यांना हाताने गप्प केलं. दोन हजाराला माझं मनगट थांबलं. दिवा लागलेलाच होता.

सरांनी आकडे पाहिले. मग कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, त्यावरची धूळ झटकली, आणि मला पान दाखवलं. "हे तर सर्वांना माहीत आहे. वाकणाऱ्या पट्टीच्या मध्यावर ताणही नसतो, दाबही नसतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असतं." मी विचारलं, "मग सर, आपण आधी का नाही केलं?" त्यांनी पुस्तक बंद केलं. त्या दिवशी मी शिकलो की विज्ञानात 'सर्वांना माहीत आहे' हे वाक्य शोध लागल्यानंतर म्हणायचं असतं.

लेख तयार झाला. शेवटी आभार मानायचे असतात. मी संचालकांचे, निधी देणाऱ्यांचे, खरेदी समितीचे मानले, आणि शेवटी आत्याचे. नमुन्याप्रमाणे नावापुढे हुद्दा आणि संस्था लिहायची होती. मी लिहिलं: बदली वाइंडर, वाइंडिंग खाते (संपावर).

सरांनी लाल पेन उघडलं. "ह्या कोण?"

मी सगळं सांगितलं.

"भावना समजते. पण 'संपावर' म्हणजे? निधी देणाऱ्यांनी वाचलं तर वाटेल की आपल्याकडे काम बंद आहे. शिवाय त्या गिरणीचं आता अस्तित्व नाही. नसलेल्या संस्थेत, नसलेल्या खात्यात, तात्पुरत्या असलेल्या व्यक्तीचे आभार कसे मानणार?" त्यांनी ओळ खोडली. मला ते पटलं. म्हणजे त्या वेळी पटलं. मोठ्या माणसाने शांतपणे समजावलं की मला पटायचं, तो माझ्या शाळेचा संस्कार आहे. घरी येऊन आत्याला सांगितलं की लेख गेला. तिने विचारलं, "माझा काय लिवलंस?" मी म्हणालो, "लिहिलं होतं." तिने पुन्हा सुई हातात घेतली. तुटलेलं टोक तिला लगेच कळायचं.

काही महिन्यांनी पदार्थाचं जाहीर प्रात्यक्षिक ठरलं. जागा ठरली ती आत्याच्याच गिरणीत. म्हणजे गिरणीच्या जागेत. तिथे आता काचेची इमारत होती, तळाला दुकानं, वर कार्यालयं आणि मधे एक समारंभाचा हॉल. हॉलला इंग्रजीत 'वाइंडर्स' असं नाव होतं. भिंतीवर शोभेसाठी जुन्या बॉबिनी चिकटवल्या होत्या. त्या परत द्यायच्या असतात हे कोणाला ठाऊक नसावं.

पाहुण्यांच्या यादीचा फॉर्म भरताना मी पुन्हा हिंमत केली आणि आत्याचं नाव, हुद्दा, संस्था, सगळं लिहिलं. कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या मुलीचा फोन आला. "सर, ह्या रिअल वाइंडर आहेत? ओरिजिनल? इथल्याच? ओ माय गॉड, सर, आपण त्यांना स्टेजवर घेऊ या. खूप ऑथेंटिक वाटेल." तासाभराने सरांनी बोलावलं. "तुमच्या आत्यांना आणाच. कालची कामगार आणि उद्याचा पदार्थ, एकाच मंचावर. नऊवारी आहे ना त्यांच्याकडे?" माझे डोळे भरून आले. मला वाटलं, खोडलेली ओळ सरांच्या मनाला लागून राहिली होती.

आत्या डाळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संप मागे घेतलो?"

"नाही, पण..."

"मगे गेटाच्या आत कशी येव? माका संपफोडी म्हणतले."

"कोण म्हणणार आत्या? कोणी उरलंय का?"

"मी आसंय मा."

दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. मला मात्र वाटलं की संप मागे घेतल्याचा कागद कुठेतरी असणारच, तो आणून दाखवला की झालं. कागदावर माझा फार विश्वास. मी कागदामुळेच मुंबईत आलो होतो.

परळच्या एका युनियनच्या कार्यालयात एक वृद्ध गृहस्थ पेपर वाचत होते. "तो संप आम्ही पुकारलाच नव्हता, तर मागे कसा घेणार?" त्यांनी मला दुसऱ्या युनियनकडे पाठवलं. तिथले गृहस्थ ताडकन उभे राहिले. "मागे? मागे घेण्याचा प्रश्नच नाही! लढा चालू आहे." मी विचारलं, "आपण कुठल्या गिरणीत?" ते खाली बसले. "मी सध्या विमा उतरवतो. तुमचा आहे का?" सरकारी कार्यालयातले कारकून फारच सज्जन होते. त्यांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं की संप मागे घेतल्याचा दाखला मिळेल, पण आधी संप चालू असल्याचा दाखला आणावा लागेल, आणि तो गिरणीने द्यायचा. म्हणून मी काचेच्या इमारतीत गेलो. स्वागताला बसलेल्या मुलीने संगणकात पाहिलं. "सर, आमच्याकडे कोणी संपावर नाही. तसं कामावरही कोणी नाही. सगळे काँट्रॅक्टवर आहेत. मीसुद्धा."

"म्हणजे बदली," मी म्हणालो.

"सॉरी?"

जिना उतरताना लक्षात आलं की माझीही फेलोशिप दर सहा महिन्यांनी नव्याने मंजूर व्हायची आणि माझं नाव संस्थेच्या रजिस्टरात 'तात्पुरते' या पानावर होतं. आत्या, ती मुलगी आणि मी एकाच खात्यात होतो. फक्त आत्याने ते मान्य केलं नव्हतं.

कागद न मिळाल्यामुळे मी आत्याकडे पुन्हा विषय काढला नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी उठलो तर ती घरात नव्हती. साडेनऊला हॉलवर पोचलो, तर ती गेटवर उभी. नऊवारी नेसून, हातात बदलीचं कार्ड. ती पहिल्या पाळीच्या वेळेपासून तिथेच होती.

"आत येतेस?"

"नाय. हय उभी रवतंय. तू जा, तुझी पाळी चुकात."

आत निवेदिकेने सांगितलं की ज्या मातीत काल धागे विणले गेले तिथे आज स्वप्नं विणली जात आहेत. मग ती म्हणाली, "आणि आज आपल्यात उपस्थित आहेत एक खऱ्याखुऱ्या वाइंडर..." प्रकाशझोत एका रिकाम्या खुर्चीवर गेला आणि तिथेच थांबला. टाळ्या पडल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. झोत परत आला आणि कार्यक्रम पुढे गेला.

प्रमुख पाहुण्यांच्या हातात आमचा पदार्थ दिला. त्यात 'स्वागत' ही अक्षरं उजळली होती आणि अक्षरांमधून पलीकडचे पाहुणे दिसत होते. खरोखर सुंदर होतं ते, आजही मी तेच म्हणेन. सरांनी तो आत्याच्या बॉबिनीभोवती गुंडाळून दाखवला, उलगडला, अक्षरं तशीच. पाहुण्यांनी विचारलं, "पेपरसारखा?" सर म्हणाले, "अगदी पेपरसारखा!" पाहुण्यांनी तो पेपरसारखाच मधोमध घडी घालून, घडीवरून नखाने दाबून, काखेत मारला. मधला थर झाला तरी त्याला गोलाई लागते, नखाखाली तो काय करणार? 'स्वागत' विझलं. हॉलमधल्या सगळ्यांना वाटलं की घडी घातली की पडदा आपोआप बंद होतो, हेच त्याचं वैशिष्ट्य. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. सरांनी ते वैशिष्ट्य पुढच्या प्रस्तावात घातलं.

माझ्याकडे दुसरा नमुना होता. तो आणि बॉबिन घेऊन मी गेटवर आलो.

"लागलो दिवो?"

"लागला. मग विझला."

"घडी घातल्यानी?"

"हो. प्रमुख पाहुण्यांनी."

"मेल्याक गोधडी ठावक नसात," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. नमुना तिने आपल्या अंगठ्याखाली धरला, मनगट फिरवून बॉबिनीवर घेतला आणि उलगडला. अक्षरं हलली नाहीत. मग तिने तो डोळ्यांसमोर धरून गेटच्या आत पाहिलं.

"आरपार दिसता रे."

"हो ना?"

"दिसता खरा. पण बघूक काय उरला नाय."

वॉचमन मघापासून बघत होता. विशीतला मुलगा, तोही काँट्रॅक्टवरच असावा. तो अदबीने पुढे आला. "माताजी, कब से धूप में खड़ी हैं. अंदर आइए ना. एसी है. कोई नहीं रोकेगा." आणि त्याने बोटाने आतली वाट दाखवली.

आत्या त्या बोटाकडे पाहत राहिली. मी तिला कधीच असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ती पाऊल टाकेल. तिने पदर सारखा केला.

"अकरा वर्सां मी हयच उभी रवलंय, कोण तरी बोट दाखवीत म्हणान," ती मला म्हणाली. "आता दाखवल्यान, तर कामाक नाय. बघूक." मग वॉचमनकडे वळून म्हणाली, "बाबा, मी संपार आसंय." त्याला कळलं नाही, पण त्याने नमस्कार केला. ती कार्ड कमरेला खोचून घराकडे चालू लागली. सरांनी नंतर विचारलं तेव्हा मी सांगितलं की तिची तब्येत बरी नव्हती. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं, आणि ते मी तिच्याबद्दल बोललो, याची लाज मला अजून वाटते.

पुढे माझा प्रबंध पूर्ण झाला. प्रबंधातली आकडेमोड सरांनी ओळीओळीने तपासली, पण आभाराचं पान त्यांनी न वाचताच उलटलं, कारण त्यात आपलंच नाव असणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सही केली. मला दूरच्या एका शहरात नोकरी लागली. तिथून मी आत्याला प्रबंधाची एक प्रत पार्सलने पाठवली आणि बरोबर हे पत्र.

ती. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सलात एक जाड काळं पुस्तक आहे, तो माझा प्रबंध. सगळं इंग्रजीत आहे आणि फार कंटाळवाणं आहे, काकांना वाचायला देऊ नकोस. तिसऱ्या पानात मी गोधडीचा दोरा घालून ठेवलाय. तेवढं पान बघ. त्यावर पहिल्या ओळीत तुझं नाव आहे, सरांच्या आधी. त्याचं मराठी असं: 'या प्रबंधातली मुख्य कल्पना यांची आहे. ताण कसा धरावा हे त्यांनी मला शिकवलं.' नावापुढे हुद्दा लिहिलाय 'वाइंडर'. 'बदली' हा शब्द मी लिहिलेला नाही. हे मी तुला न विचारता केलं.

मला असं करायचा काही अधिकार नाही, हे मला माहीत आहे. मी जॉबर नाही, मॅनेजर नाही, आणि माझी स्वतःची नोकरीही अजून प्रोबेशनवर आहे. पण या पुस्तकाच्या पाच प्रती बांधल्या आहेत आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली आहे. तिथे पुस्तकं फारशी कोणी वाचत नाही, पण एकदा आलेलं पुस्तक कोणी काढतही नाही, असं तिथल्या बाईंनी मला सांगितलं. म्हणजे तिथे तरी तू कायम झालीस.

ही तुझी मागणी मान्य झाली असं समजायचं की नाही, ते तू ठरव. तू संप चालू ठेवलास तरी माझी काही तक्रार नाही. तू गेटवरून गेल्यावर मी सरांना सांगितलं की तुला बरं नव्हतं. ते खोटं होतं. त्यांनाही आता खरं कळवलंय.

बॉबिन वेगळ्या फडक्यात गुंडाळली आहे. माझ्याकडून तिला एक ओरखडा पडलाय, बॉलपेनचा. ती गिरणीला परत द्यायची आहे हे माझ्या लक्षात आहे, म्हणून ती मी माझ्याकडे ठेवली नाही. इथे थंडी फार आहे. एक गोधडी पाठव. शर्ट दोरीवरून काढून कोणाला तरी देऊन टाक, किंवा फाडून गोधडीत घाल. मधे नको, वरच घाल.

तुझा,
भाचा